साठ मिनिटांची मॅच साडेतीन तास का चालते? अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या घड्याळाची भानगड

२०२४ चा दसरा शनिवारी होता, १२ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला, ओहायोत कोलंबसला शिकणाऱ्या भाचीचा व्हिडिओ कॉल. तिच्या युनिव्हर्सिटीची म्हणजे ओहायो स्टेटची ओरेगनशी मॅच होती, तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले, आणि मामाने एकदा तरी ही मॅच पूर्ण बघावी असा तिचा हट्ट होता. मी विचारलं किती वेळ चालते गं, ती म्हणाली साठ मिनिटं. साठ मिनिटं ऐकून मी दात न घासता सोफ्यावर बसलो.

मग दूधवाला येऊन गेला, पोहे झाले, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, बायकोने टीपॉयवरची आदल्या दिवशीची आपट्याची पानं गोळा केली, आणि तिकडे अजून मॅच चालूच. "काय गं, साठ मिनिटं म्हणाली होतीस ना?" तर म्हणे, "अरे मामा, साठच आहेत, पण घड्याळ थांबतं ना मध्ये मध्ये."

हे "मध्ये मध्ये" प्रकरण नक्की काय आहे ते समजून घ्यायला मला पुढचे बरेच दिवस लागले. अमेरिकेत ह्या विषयावर लोक खरंच भांडतात, कारण कॉलेज फुटबॉलचे घड्याळाचे नियम २०२३ मध्ये बदलले, २०२४ मध्ये बदलले, २०२५ मध्ये परत थोडे बदलले, आणि दर वेळी कारण काहीतरी वेगळंच दिलं जातं. त्या पहाटेच्या मॅचच्या शेवटच्या दहा सेकंदांत तर असा प्रकार घडला की चार दिवसांत नियमाला ठिगळ लावावं लागलं. तो सांगतो, पण शेवटी, कारण आधी घड्याळ कळल्याशिवाय त्यातली गंमत कळणार नाही.

## आधी खेळ, अगदी थोडक्यात

आपला फुटबॉल डोक्यातून काढून टाका. इथे अकरा-अकरा जणांच्या दोन टीम, आणि ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार संधी मिळतात, त्या चारांत बॉल १० यार्ड पुढे न्यायचा. एका संधीला प्ले म्हणतात. १० यार्ड नेले की फर्स्ट डाऊन, म्हणजे परत नव्या चार संधी. नाही जमलं तर बॉल समोरच्याला.

१० यार्ड म्हणजे ३० फूट. आपल्या गुंठ्याची एक बाजू ३३ फूट असते, त्यापेक्षा जरासं कमी. आणि गंमत म्हणजे हे अंतर मोजायला मैदानाच्या कडेला खरोखर दोन माणसं काठ्या आणि साखळी घेऊन उभी असतात, थेट मोजणीला आलेल्या भूमापकासारखी. लाखभर लोकांचं स्टेडियम, वर विमानं घिरट्या घालतायत, ड्रोन, डझनावारी कॅमेरे, आणि मोजमाप साखळीने. ही साखळी लक्षात ठेवा, २०२३ चा अख्खा वाद तिच्यावरच आहे.

एक प्ले साधारण पाच-सहा सेकंद चालतो. धडाधड आपटतात, शिट्टी होते, मग सगळे उठतात, कोच काहीतरी खुणा करतो, परत रांग लागते, परत पाच-सहा सेकंद. म्हणजे लय आपल्या क्रिकेटसारखी आहे, एक बॉल टाकला की बोलर परत चालत मागे जातो तशी.

## तीन घड्याळं आहेत, एक नाही

पहिलं गेम क्लॉक. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, बरोबर साठ मिनिटं, उलटं मोजत शून्यावर येतं.

दुसरं प्ले क्लॉक, ४० सेकंदांचं. एक प्ले संपला की ४० सेकंदांच्या आत पुढचा सुरू करायचा, नाहीतर ५ यार्डांचा दंड. हे कबड्डीवाल्यांना लगेच कळेल, रेडला ३० सेकंद असतात ना, अगदी तसंच. आणि पुढे असलेली टीम शेवटच्या मिनिटांत काय करते? रेडर जातो, रेषेपाशी घुटमळतो, बोनसला पाय टाकल्यासारखं करतो, आणि तीस सेकंद खाऊन रिकाम्या हाताने परत येतो. फुटबॉलमध्येही हेच, पुढे असलेली टीम प्ले क्लॉक एक-दोन सेकंदांवर येईपर्यंत शांतपणे उभी राहते आणि मगच बॉल उचलते. कबड्डीवाल्यांनी त्यावर डू ऑर डाय रेडचा उपाय काढला, अमेरिकेत तसं काही नाही.

तिसरं तुमच्या भिंतीवरचं. ते कुणासाठीच थांबत नाही.

सगळा गोंधळ पहिल्या आणि तिसऱ्या घड्याळात आहे. रिक्षाचं उदाहरण घ्या. स्टेशनपासून घर दहा किलोमीटर, हे ठरलेलं, पण वीस मिनिटांत पोचाल की पन्नास मिनिटांत हे वाटेत सिग्नल किती त्यावर. गेम क्लॉकची साठ मिनिटं म्हणजे ते दहा किलोमीटर, आणि घड्याळाचे नियम म्हणजे वाटेतले सिग्नल. नियम बदलून अंतर कमी होत नाही, फक्त सिग्नल काढतात किंवा नवा बसवतात.

## मग घड्याळ थांबतं कधी?

पास टाकला आणि कुणी झेलला नाही, थांबलं. खेळाडू बॉल घेऊन रेषेबाहेर गेला, थांबलं. कुणी पॉइंट केले, थांबलं. दंड, दुखापत, रिप्ले बघणं, टाइमआऊट (प्रत्येक टीमला हाफमध्ये तीन), सगळीकडे थांबलं. प्रत्येक वेळी परत कधी सुरू होणार याचे नियम आणखी वेगळे, काही वेळा रेफरीने "चला" अशी खूण केली की, काही वेळा पुढचा प्ले प्रत्यक्ष सुरू झाला की. हा फरक फालतू वाटतो पण नाहीये, मधल्या वीस-पंचवीस सेकंदांचा हिशोब त्यावर असतो आणि आख्खे वाद त्यावर झालेत.

आणि कॉलेजमध्ये एक जास्तीचा सिग्नल होता जो एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, नाही. फर्स्ट डाऊन मिळाला की घड्याळ थांबायचं. का, तर साखळीवाल्यांना पळत पुढे जायला वेळ मिळावा म्हणून. साखळी लागली, बॉल ठेवला, रेफरीने खूण केली की घड्याळ परत चालू. हा नियम १९६८ पासूनचा.

## २०२३: साखळीवाल्यांसाठी थांबणं बंद

५५ वर्षांनी एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, हा सिग्नल काढला. आता फर्स्ट डाऊनला घड्याळ चालूच राहतं, फक्त दोन्ही हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत जुन्यासारखं थांबतं. बरोबर अजून दोन छोटे बदल आले, एकाच टीमने लागोपाठ दोन टाइमआऊट घ्यायचे नाहीत, आणि पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटी दंड झाला तर त्यासाठी वेगळा जादा प्ले खेळवायचा नाही, तो पुढच्या क्वार्टरमध्ये. पण मुख्य म्हणजे साखळी.

याने फरक किती पडावा? आपण वहीवर मांडून बघू. समजा दोन्ही टीमचे मिळून ४५ फर्स्ट डाऊन झाले. त्यातले जे रेषेबाहेर गेले किंवा शेवटच्या दोन मिनिटांतले, ते सोडा, समजा ३० उरले. प्रत्येक वेळी साखळीसाठी १० सेकंद थांबायचं ते आता थांबत नाही. ३० गुणिले १०, तीनशे सेकंद, पाच मिनिटं गेम क्लॉकची. आता एक प्ले आणि त्याच्या आधीचा खोळंबा धरून गेम क्लॉकचे २५-३० सेकंद जातात असं धरलं तर पाच मिनिटांत दहा-बारा प्ले. ते गेले.

हे वहीवरचं. प्रत्यक्षात २०२३ च्या सीझनमध्ये घट यापेक्षा बरीच कमी झाली, मोजके प्ले आणि मोजकी मिनिटं. कारण माणसं हुशार असतात, घड्याळ पळतंय म्हटल्यावर मागे असलेली टीम पाय उचलते, रांग पटकन लावते, हिशोब बिघडवते.

अजून एक प्रस्ताव चर्चेत होता, पास खाली पडला तरी बॉल जागेवर ठेवल्यावर घड्याळ चालू करायचं. त्यावर एवढा आरडाओरडा झाला की तो तिथेच गुंडाळला. बरं झालं. मागे असलेल्या टीमकडे घड्याळ थांबवायचं तेच तर मुख्य हत्यार, तेच काढून घेतलं तर शेवटच्या क्वार्टरमध्ये बघण्यासारखं काय राहणार.

## पण मग मॅच लवकर का संपत नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर टीव्हीत आहे.

जाहिरातींचे ब्रेक किती घ्यायचे हे नियमपुस्तकात ठरत नाही, चॅनल आणि कॉन्फरन्स यांच्या करारांत ठरतं. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचे गट, त्यांना चॅनलकडून प्रचंड पैसा येतो. भाचीने मला स्क्रीनवर दाखवलं होतं, मैदानात कडेला एक माणूस लाल टोपी घालून उभा असतो, तो आत येऊन उभा राहिला म्हणजे समजायचं टीव्हीवर जाहिरात चालू आहे. खेळाडू तयार, रेफरी तयार, लाखभर लोक बर्फात किंवा उन्हात उभे, आणि सगळे त्या लाल टोपीकडे बघतायत की हा बाबा बाजूला कधी होतो. तो हलला की खेळ सुरू. लग्नात नवरा-नवरी अंतरपाट धरून उभे आणि सगळे फोटोग्राफरच्या खुणेची वाट बघतायत, तसलाच प्रकार.

आता बेरीज करून बघा. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. त्यातली २० हाफटाइमची, कॉलेजला हाफटाइम मोठा असतो कारण बँड वाजवायचा असतो आणि तो बँड बघायला येणारे लोक वेगळे असतात. उरली १९०. किक वगैरे सगळं धरून मॅचमध्ये १८० च्या आसपास प्ले. म्हणजे प्रत्येक प्लेमागे भिंतीवरचं एक मिनिट जातं. पण त्या एका मिनिटात खेळ पाच-सहा सेकंदांचा, बाकी उभं राहणं आणि जाहिराती. एक प्ले कमी केला तर त्याचा खेळ गेला, त्याचं उभं राहणं गेलं, पण जाहिरात काही गेली नाही, ती तशीच्या तशी उरलेल्यांत वाटली गेली.

म्हणून माझं मत आता असं झालंय की ह्या नियमांनी मॅच छोटी होते त्यापेक्षा मॅचमधला खेळ छोटा होतो. वडापावची किंमत तीच ठेवून वडा लहान करतात ना, पाव तेवढाच. तिकडच्या चाहत्यांचा राग नेमका ह्यावरच आहे आणि मला तो पटतो.

## हा प्रयोग आधी झाला होता, आणि हसं झालं होतं

२००६ मध्ये एनसीएएने मॅच छोटी करायचं फारच मनावर घेतलं. दोन नियम आणले. एक, बॉल एका टीमकडून दुसरीकडे गेला की घड्याळ पुढच्या प्लेची वाट बघत थांबणार नाही, रेफरीने खूण केली की लगेच सुरू. दोन, किकऑफला, म्हणजे बॉल लाथाडून समोरच्यांना देतात तेव्हा, बॉल पायाला लागला की घड्याळ सुरू, आधी समोरच्याने बॉलला हात लावल्यावर सुरू व्हायचं.

परिणाम झाला. सरासरी मॅच जवळपास १४ मिनिटांनी कमी झाली, पण प्लेही साधारण तितकेच कमी झाले. लोक वैतागले, कोच वैतागले.

आणि मग ४ नोव्हेंबर २००६, मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध पेन स्टेट. विस्कॉन्सिनचा कोच ब्रेट बिलेमा, त्याचा हेड कोच म्हणून पहिलाच सीझन. हाफ संपायला २३ सेकंद, विस्कॉन्सिनने नुकतेच पॉइंट केलेले, आता किकऑफ करून बॉल पेन स्टेटला द्यायचा, आणि २३ सेकंदांत ते काहीतरी करू शकतात. बिलेमाने काय केलं, आपल्या पोरांना सांगितलं की किक मारायच्या आधीच पुढे पळा. म्हणजे उघड उघड ऑफसाइड. बॉल मारेपर्यंत ही पोरं इतकी पुढे गेलेली की पेन स्टेटवाल्याला बॉल घेऊन पळायला जागाच नाही. रेफरीने दंड दिला, ५ यार्ड मागे, परत किक मारा. पण घड्याळ? ते किक मारल्यापासून पळत होतं, गेलेले सेकंद गेले. दुसऱ्या किकला परत तेच. परत ५ यार्ड, परत सेकंद गेले. हाफ जवळपास तिथेच संपला.

समोरचे कोच जो पॅटर्नो, तेव्हा जवळजवळ ऐंशीचे, कडेला रेफरीवर ओरडतायत, आणि रेफरी बिचारा काय करणार, नियमच तसा. गुन्हा करायचा, दंड भरायचा, आणि दंडापेक्षा फायदा मोठा. नो पार्किंगमध्ये गाडी लावून पावती फाडून घेणारे आपल्याकडेही आहेत, कारण पावती पार्किंगच्या त्रासापेक्षा स्वस्त पडते.

२००७ मध्ये दोन्ही नियम मागे घेतले, मॅचेस परत लांबल्या.

## २००८ मध्ये केलं एक आणि झालं भलतंच

पुढच्याच वर्षी दुसरा मार्ग काढला. तोपर्यंत प्ले क्लॉक २५ सेकंदांचं होतं पण ते सुरू कधी व्हायचं, तर रेफरीने बॉल जागेवर ठेवून खूण केल्यावर. म्हणजे एखादा रेफरी सावकाश चालणारा असला की मॅचच सावकाश. २००८ पासून ४० सेकंद आणि ते थेट मागचा प्ले संपल्यापासून. शिवाय रेषेबाहेर गेल्यावर थांबलेलं घड्याळ रेफरीच्या खुणेवर परत सुरू, हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अपवाद सोडून.

मॅचेस खरंच कमी वेळात संपायला लागल्या. पण थोड्याच वर्षांत काही कोचेसच्या लक्षात आलं की आता आपल्याला रेफरीच्या चालीवर अवलंबून राहायची गरज नाही, ४० सेकंद आपलेच आहेत, मग १५ सेकंदांतच पुढचा प्ले का सुरू करू नये. समोरच्याला दम खायला वेळच द्यायचा नाही, खेळाडू बदलू द्यायचे नाहीत. ओरेगनमध्ये चिप केली नावाच्या कोचने हे इतकं वेगात नेलं की समोरच्या टीमचे लोक कमरेवर हात ठेवून उभे दिसायचे. प्ले वाढले, पॉइंट वाढले, पॉइंट वाढले की घड्याळ थांबणं वाढलं, त्यामागून जाहिराती, आणि मॅच पुढच्या दशकात हळूहळू परत तिथेच साडेतीन तासांकडे.

## "पण हे तर खेळाडूंच्या सुरक्षेसाठी आहे ना?"

२०२३ च्या बदलाचं अधिकृत कारण हेच होतं, प्ले कमी म्हणजे धडका कमी. हे कारण खोटं नाही. २०२४ पासून कॉलेजच्या प्लेऑफमध्ये चारच्या जागी १२ टीम आल्या, त्यामुळे सीझन लांबला. भाचीच्याच ओहायो स्टेटने त्या सीझनला १६ मॅच खेळल्या. विशी-बाविशीची पोरं, एनएफएलपेक्षा प्रत्येक मॅचमध्ये जास्त प्ले, डोक्याला मार बसायची भीती, तर प्रत्येक मॅचमागे पाच प्ले कमी झाले तरी सीझनमध्ये ८० होतात, म्हणजे अर्ध्या मॅचएवढा मार वाचला.

फक्त हिशोब दुसऱ्या बाजूनेही मांडा. १२ टीमचा प्लेऑफ कुणी आणला आणि का आणला? जास्त मॅच, जास्त टीव्ही, जास्त पैसा. एका हाताने सीझन वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने मॅचमधून चमचाभर काढून सुरक्षा म्हणायचं. कारण खरं आहे, अपुरं आहे.

## "मग दोन मिनिटांचा ब्रेक कशाला वाढवला?"

२०२४ मध्ये नवा नियम आला, दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं उरली की आपोआप टाइमआऊट. एनएफएलमध्ये हे फार जुनं आहे. तिथे याचा उगम असा की पूर्वी खरी वेळ मैदानातल्या अधिकाऱ्याच्या घड्याळात असायची, स्टेडियमवरचं घड्याळ नुसतं शोभेचं, म्हणून दोन मिनिटं उरली की दोन्ही टीमना थांबवून सांगायचे. आता स्टेडियमवर घराएवढी घड्याळं आहेत, सांगायची काही गरज नाही, पण सवय राहिली आणि जाहिरातीला हक्काची जागा मिळाली. आयपीएलच्या स्ट्रॅटेजिक टाइमआऊटमध्ये स्ट्रॅटेजी किती असते ते आपल्याला माहीत आहेच.

२०२३ मध्ये घड्याळ पळवलं आणि २०२४ मध्ये परत थांबा वाढवला, हे विसंगत वाटतं, आणि थोडं आहेच. एनसीएएचं म्हणणं असं की हा ब्रेक जास्तीचा नाही, ठरलेल्या टीव्ही ब्रेकमधलाच एक इथे बसवायचा. शिवाय शेवटच्या दोन मिनिटांत वेगळे लागू होणारे जे सगळे नियम आहेत, फर्स्ट डाऊनला थांबणं, रेषेबाहेर थांबणं, त्यांची सीमा एकदम स्पष्ट होते. हा दुसरा मुद्दा मला चांगला वाटतो. पहिल्यावर तिकडचे प्रेक्षक विश्वास ठेवायला तयार नाहीत.

## यात फायदा कुणाचा?

प्ले कमी म्हणजे दोन्ही टीमना बॉल मिळायच्या पाळ्या कमी, आणि पाळ्या कमी म्हणजे नशिबाला वाव जास्त. पाच दिवसांच्या टेस्टमध्ये दुबळी टीम तगड्या टीमला हरवणं कठीण, वीस षटकांत जमू शकतं, पावसामुळे पाच षटकांची झाली तर कुणीही कुणालाही हरवू शकतं. तसंच. म्हणून सावकाश खेळणाऱ्या, बॉल आपल्याकडेच दाबून ठेवणाऱ्या छोट्या टीमना पळतं घड्याळ मानवतं.

आणि जो पुढे आहे त्याला अर्थातच. समजा पाच मिनिटं राहिलीत, तुम्ही पुढे आहात. आधी प्रत्येक फर्स्ट डाऊनला साखळीवाल्यांमुळे विरोधकांना दहा सेकंद फुकट मिळायचे, आता मिळत नाहीत. तीन फर्स्ट डाऊन काढले की अर्धा मिनिट जास्त खाल्ला.

एक जागा मात्र अशी आहे जिथे गेम क्लॉकच नाही, ती म्हणजे ओव्हरटाइम, आणि तिथला वेळ आटोक्यात आणायला वेगळीच युक्ती लागली. २०१८ मध्ये टेक्सस ए अँड एम आणि एलएसयूची मॅच सात ओव्हरटाइमपर्यंत गेली, ७४-७२, पाच तासांच्या जवळ चालली. त्यानंतर नियम बदलत गेले आणि २०२१ पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासून पुढे दोन्ही टीमना फक्त एकेक छोटी संधी, हॉकीच्या शूटआऊटसारखी. त्याच वर्षी इलिनॉय आणि पेन स्टेट नऊ ओव्हरटाइम खेळले, स्कोर २०-१८. नऊ ओव्हरटाइम आणि एकूण पॉइंट ३८, हे वाचून मी परत एकदा तपासलं होतं.

## आणि आता त्या पहाटेचे दहा सेकंद

ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१. दहा सेकंद बाकी, बॉल ओहायो स्टेटकडे, अजून थोडं पुढे सरकले की फील्ड गोल, म्हणजे लाथेने बॉल गोलच्या खांबांमधून मारून तीन पॉइंट, आणि जिंकायची संधी. टाइमआऊटनंतर प्ले सुरू झाला, पास खाली पडला, आणि रेफरीने पिवळा रुमाल टाकला, ओरेगनचे अकराच्या जागी बारा खेळाडू मैदानात. दंड ५ यार्ड. भाची खूश, मीही खूश, आपल्याला यार्ड मिळाले ना.

मग तिने घड्याळाकडे बघितलं. सहा सेकंद.

म्हणजे बघा, बारावा माणूस आल्यामुळे पास झेलायला जागाच उरली नव्हती, चार सेकंद गेले, आणि त्याची किंमत फक्त ५ यार्ड. शेवटच्या प्लेला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्ड बॉल घेऊन पळाला, घसरून खाली बसला, पण घड्याळ तोवर शून्यावर. ओरेगनच्या कोच डॅन लॅनिंगला नंतर विचारलं तर त्याच्या बोलण्याचा अर्थ असा होता की अशा प्रसंगांची तयारी आम्ही केलेली असते. २००६ ची बिलेमाची युक्तीच, अठरा वर्षांनी, दुसऱ्या वेषात. दंड यार्डांत मोजायचा आणि चोरी सेकंदांत, ही फट दोन्हीकडे सारखी.

चार दिवसांत एनसीएएने खुलासा काढला आणि २०२५ च्या नियमांत तो पक्का केला, शेवटच्या दोन मिनिटांत बचाव करणाऱ्या टीमचे अकरापेक्षा जास्त लोक खेळले तर ५ यार्ड तर मिळतीलच, शिवाय समोरच्याची इच्छा असेल तर घड्याळ मागे नेऊन गेलेले सेकंद परत. त्याच वर्षी खोट्या दुखापतींवरही एक उपाय आला. बॉल जागेवर ठेवल्यानंतर कुणी पाय धरून आडवा पडला आणि डॉक्टर आत आले तर त्या टीमचा एक टाइमआऊट जाणार, टाइमआऊट शिल्लक नसेल तर ५ यार्ड दंड. वेगवान टीमचा वेग मोडायला ही दुखणी फार वाढली होती. यातही कुणीतरी फट शोधेलच, कोचेसना पगार त्याचाच मिळतो.

भाची त्या दिवशी जेवली नाही म्हणे. पण १ जानेवारी २०२५ ला रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या मॅचमध्ये, हेच दोघे परत समोरासमोर आले, इकडे २ तारखेची पहाट, साडेतीन, आणि परत माझा फोन वाजला. हाफटाइमलाच ३४-८, शेवटी ओहायो स्टेट ४१, ओरेगन २१. तिकडे घड्याळाकडे कुणी बघतच नव्हतं. इकडे मी बघत होतो, मला साडेनऊला ऑफिस होतं.